अक्साकलच्या पुढे

सायराकानला इशेनाली अक्साकलचे तळवे तोंडपाठ होते. डाव्या टाचेला खोल भेग, उजव्या अंगठ्याचे नख काळे पडलेले, आणि घोट्यावर कधीकाळी घोड्याने लाथ मारल्याची खूण. स्वतःच्या नवऱ्याचे पाय तिला आठवत नव्हते. तो रशियात बांधकामावर गेला तो तिकडेच दुसरा संसार थाटून बसला, आणि पाय तर सोडाच, चेहरा आठवावा असेही त्याने मागे काही ठेवले नव्हते. म्हाताऱ्याचे तळवे मात्र गेली सात वर्षे रोज सकाळी तिच्या नाकासमोर होते. कराकोलच्या पोहण्याच्या तलावात तिसऱ्या लेनमध्ये अक्साकल पुढे आणि त्याच्या मागे सायराकान असा क्रम ठरलेला होता, आणि तो कोणी ठरवला हे कोणी विचारले नव्हते.

पोहणाऱ्यांची जगभरची रीत तशी साधी आहे. लेनमध्ये जो वेगवान तो पुढे. मागचा फार जवळ आला की तो पुढच्याच्या टाचेला बोट लावतो, पुढचा भिंतीशी थांबून वाट देतो, आणि कोणी कोणाचा अपमान मानत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या लेनमध्ये रशियन बायका आणि कॉलेजची पोरे असेच करत. पण तिसऱ्या लेनमध्ये सगळे आपले लोक. ज्याची दाढी पांढरी तो अक्साकल, त्याच्यापुढे आपण चालत नाही, त्याच्याआधी भाकरी मोडत नाही, तो बोलत असताना खोकला आला तरी गिळतो. मग त्याच्यापुढे पोहायचे कसे? दारातल्या नियमांच्या पाटीवर टोपी घाला, आधी अंघोळ करा, डॉक्टरचा दाखला आणा असे सगळे होते. हे नव्हते, आणि लिहायची गरजही नव्हती.

इशेनाली म्हणजे गुरांचा निवृत्त डॉक्टर. उंच, हाडकुळा, पंच्याहत्तरीला टेकलेला. आयुष्यभर मुक्या जनावरांशी बोलल्यामुळे असेल, माणसाला उलट बोलता येते याची त्याला कल्पनाच नव्हती. जीभ अशी की कातडे सोलून निघावे. मेलिस नावाचा पोट सुटलेला टॅक्सीवाला त्याच लेनमध्ये पोहायचा. त्याला तो म्हणायचा, "तू उतरलास की पाणी वर चढतं रे मेलिस, जरा हळू उतर, बाहेर रस्त्यावर पूर येईल." शाळेत गणित शिकवणारी बात्मा चौथी. तिच्याबद्दल म्हणायचा, "पोत्यात घालून नदीत टाकलेली मांजर बघितलीय? ती हिच्यापेक्षा बरी पोहते." आणि सायराकान म्हणजे याक. पहिल्या दिवसापासून याक. नाव घेऊन त्याने तिला हाक मारल्याचे कोणाला आठवत नाही.

पण तिला पोहायला शिकवले ते त्यानेच, हे नाकारता येत नाही. सायराकान बाजारात लोकरीच्या सपाता आणि पुरुषांचे मोजे विकायची. हिवाळाभर लोखंडी पत्र्याच्या दुकानात उभे राहून कंबर कामातून गेली, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितले, पोह नाहीतर वाक. बाई जन्मली सरोवराच्या काठावर, पण चाळिशीपर्यंत गुडघ्याच्या वर पाणी तिला ठाऊक नव्हते. तलावाच्या उथळ टोकाला दांडा धरून ती थरथरत उभी असताना हा म्हातारा आला आणि म्हणाला, "काय गं, तुला इथं कोणी बांधून गेलंय का?" दुसऱ्या दिवसापासून त्याची शिकवणी सुरू झाली.

पहिला महिना नुसता श्वास. तोंड पाण्यात, बुडबुडे सोडायचे, मान वळवून हवा घ्यायची, परत तोंड पाण्यात. मग भिंतीला पाय देऊन लांब होऊन सरकत जायचे, हात कानांना चिकटलेले. मग फळी धरून नुसते पाय मारायचे, मांड्या पेटेपर्यंत. मग एका कुशीवर, एक हात पुढे ताणलेला, सहा लाथा मारून दुसऱ्या कुशीवर. म्हातारा काठावर झाडूचा दांडा घेऊन उभा. कोपर खाली गेले की त्यावर दांडा बसायचा. "पीठ मळतेस का? हात वरून टाक! पाणी ढकलू नको, धर. मेंढीचा पाय धरतात तसं धर!" एकदा त्याने सायकलच्या ट्यूबचा वेढा घालून तिचे घोटे बांधले आणि नुसत्या हातांनी जा म्हणाला. ती अर्ध्यात बुडाली, नाकातोंडात पाणी गेले, खोकत खोकत दोरीला लटकली. म्हातारा पोट धरून हसला. "घाबरू नको, तू काही बुडायची नाहीस. चरबी वर राहते!" अख्खा तलाव हसला. ती शॉवरखाली उभी राहून रडली, आणि दुसऱ्या दिवशी परत आली.

का आली? लोकांना वाटते माणूस अपमानाच्या जागी परत जातो तो लाचार असतो म्हणून. सायराकान लाचार नव्हती. त्या तासाभरात तिची कंबर दुखत नव्हती आणि मोज्यांचा भाव कोणी विचारत नव्हते, हे एक. आणि दुसरे म्हणजे त्या म्हाताऱ्याकडून एक चांगला शब्द काढायचाच असा तिने मनाशी हट्ट धरला. तो मिळाला असता तर कदाचित ती तिथेच थांबली असती. तो कंजूष माणूस. मीठ देईल, शब्द देणार नाही.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात म्हातारा तापाने पडला. त्या सकाळी लेनमध्ये तिच्या पुढे तळवे नव्हते, नुसते पाणी होते. तिने भिंत सोडली आणि हात टाकला, आणि पाणी तिच्या हातात आले, तो म्हणायचा तसे, धरता येईल असे. ती गेली ती गेलीच. श्वास आपोआप येत होता, पाय आपोआप चालत होते. थांबली तेव्हा मेलिस आणि बात्मा अजून पलीकडच्या टोकाला होते. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचा अभिमान वाटला, आणि लगेच पाठोपाठ राग आला, कारण ज्याने हे बघायला हवे तो घरी अंथरुणात पडला होता.

म्हातारा बरा झाला, परत आला, पुढे लागला. आणि तेव्हा तिच्या लक्षात आले की तो हळू आहे. हळू म्हणजे फारच हळू. आणि हे मेलिसला ठाऊक होते. बात्मालाही होते. सगळ्यांना ठाऊक होते आणि सगळे गप्प होते.

त्याच्या मागे राहायचे तर आपणच हळू व्हायला हवे, म्हणून तिघांनी आपापली युक्ती काढलेली होती. सायराकान मुठी वळून पोहायची. पंजा बंद केला की पाणी हातातून निसटते आणि माणूस जागच्या जागी राहतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी. मेलिस नुसते पाय मारायचा, फळी न धरता, हात पोटाशी घेऊन. बात्मा एक हात पुढे ताणून ठेवायची आणि दुसऱ्या एकाच हाताने ओढायची. गंमत अशी की हे सगळे खरे सराव आहेत, मोठे खेळाडू करतात ते. वर्षानुवर्षे रोज हेच करून तिघेही पक्के पोहणारे झाले. म्हाताऱ्याच्या मानापायी बात्मासारखी बाईसुद्धा माशासारखी वळायला लागली. पण पुढे असलेल्याला मागचे दिसत नाही. त्याला फक्त त्यांची धाप ऐकू यायची, आणि तो भिंतीशी थांबून म्हणायचा, "काय रे, कुत्र्यासारखे ल्हाल्हा करताय! म्हाताऱ्यामागे यायला दम लागतो आणि स्वतःला तरणे म्हणवता!"

वर मेलिसचे घड्याळ. गळ्यात अडकवलेले, बटण दाबून वेळ मोजायचे. म्हाताऱ्याने भिंतीला हात लावला की मेलिस मागून ओरडायचा, "वा, अक्साकल! गेल्या महिन्यापेक्षा कमी!" गेल्या महिन्यापेक्षा कमी, गेल्या वर्षापेक्षा कमी. मेलिसच्या घड्याळात इशेनाली दरवर्षी तरुण होत चालला होता. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. म्हाताऱ्याला बरे वाटावे एवढेच. भीड ही भिकेची बहीण, आणि भिकेपेक्षा जास्त घरे तिने बुडवलीत.

मग जूनमध्ये एका सकाळी इशेनालीने टोपी काढली, केस झटकले आणि जाहीर केले की ऑगस्टमध्ये पंच्याहत्तरीच्या मेजवानीला तो आपल्या गावी, कोक-तुमशुकला, जुन्या धक्क्यापासून समोरच्या टोकापर्यंत सरोवराची खाडी पोहून पार करणार. तिकडे तंबू लागतील, बिश्केकहून मुलगा येईल, सगळा गोतावळा किनाऱ्यावर उभा राहील, आणि तो पाण्यातून चालत बाहेर येईल.

"मेलिसच्या घड्याळावर विश्वास आहे माझा," तो म्हणाला. "तिशीत होतो त्याहून आज बरा पोहतोय."

मेलिसचा चेहरा पांढरा पडला.

तो कपडे घालून निघून गेल्यावर तिघे बाहेरच्या बाकावर थर्मास मधोमध ठेवून बसले. खाडी म्हणजे काही तलाव नव्हे. मध्यभागी तळ दिसत नाही, पाणी उन्हाळ्यातही हाडात जाते, आणि दुपारी पूर्वेचा सांताश वारा सुटला की लाटा तोंडावर येतात.

"बुडेल तो," बात्मा म्हणाली.

"बुडेलच," मेलिस म्हणाला. "सांगायला हवं कोणीतरी."

"मग सांग की. घड्याळ तुझं."

"माझं घड्याळ? आणि 'अजून तरणेबांड दिसता अक्साकल' कोण म्हणत होतं? तू! रोज! हरभऱ्याच्या झाडावर चढवायला मी एकटा होतो का?"

"मी बाईमाणूस. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर 'तुम्ही संपलात' म्हणू? माझी जीभ झडेल."

"सायराकान एजेनं सांगावं," मेलिस म्हणाला. तो तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा. "एजे त्याची शिष्या. आणि सगळ्यांत जवळ तीच असते."

"जवळ कुठं असते मी?" सायराकान म्हणाली. "टाचांजवळ असते."

"मग टाचेला हात लाव. पुढे जा. एकदा पुढे गेलीस की त्याला कळेल, बोलावं लागणार नाही."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर मांजराच्या सगळ्यांत जवळ असतो त्यानेच बांधावी, हा न्याय तिला पटला नाही. पण मनात कुठेतरी ती सुखावली. पुढे जायचे. त्याने तिला बघायचे. यासाठी तर ती इतकी वर्षे येत होती. त्यात म्हाताऱ्याचा जीव वाचत असेल तर पुण्यही मिळणार होते. फुकटचे पुण्य कोणाला नको असते!

दुसऱ्या दिवशी तिने मुठी उघडल्या. तीन हात टाकले आणि ती त्याच्या टाचांशी पोचली.  तिने बोट पुढे केले आणि भेगाळलेल्या टाचेला लावले. एकदा. मग पुन्हा एकदा.

इशेनाली जागच्या जागी उभा राहिला. मागे मेलिस आणि बात्मा एकमेकांवर आदळले.

"काय गं ए!" तो ओरडला. सगळा तलाव बघायला लागला. "डोळे आहेत का खाचा? अंगावर चढतेस? अंतर ठेवायचं शिकवलं नाही का मी तुला?"

"अक्साकल, मी... मला पुढे..."

"पुढे काय पुढे! सरळ जाता येत नाही, लोळतेस पाण्यात याकसारखी, आणि माणसाच्या पायात येतेस. जा, सगळ्यांत मागे जा. बात्माच्याही मागे. आजपासून तिथंच."

त्याला कळलेच नव्हते. आयुष्यात त्याच्या टाचेला कधी कोणी हात लावलेला नव्हता, मग त्या खुणेचा अर्थ त्याला कुठून ठाऊक असणार? सायराकानने मेलिसकडे बघितले. मेलिस आपल्या गॉगलमधले पाणी काढत होता. बात्मा टोपी नीट करत होती. सायराकान सगळ्यांच्या मागे गेली.

आठवड्याने तिने तोंडाने सांगायचेही ठरवले. सकाळी उठून कणकेचे बोरसोक तळले, गरम गरम रुमालात बांधून आणले आणि बाकावर त्याच्यासमोर ठेवले. त्याने एक तोंडात टाकला.

"अक्साकल, खाडीबद्दल बोलायचं होतं."

"मलाही," तो म्हणाला. "नाव लागेल एक सोबतीला. मेलिस वल्हवील. तू नावेत बस, टॉवेल आणि चहा घेऊन."

"मी पोहले तर? तुमच्यासोबत?"

तो हसला. तोंडातला घास दाखवत हसला. "तू? अगं, तुझ्यासाठी दुसरी नाव आणावी लागेल ओढायला. पोरी, काही लोक पोहण्यासाठी जन्मतात, काही टॉवेल धरायला. त्यात लाज कसली? बोरसोक मात्र छान झालेत."

 खरे सांगायचे तर त्या क्षणी तिला सांगता आले असते, एका वाक्यात, आणि म्हातारा चिडला असता, ओरडला असता, पण खाडीत उतरला नसता. तिने ते वाक्य गिळले. भिडेने नव्हे. इतके दिवस भीड होती, त्या दिवशी भीड संपली आणि तिच्या जागी दुसरेच काही आले. जा, तिने मनात म्हटले. उतर. बघू दे तुलाच.

अख्खा जुलै तिने बात्माच्या मागून मुठी वळून पोहण्यात काढला. मेलिस रोज विचारायचा, "सांगितलंस का गं एजे?" आणि ती म्हणायची, "सांगते." तोही मग घड्याळ बघून ओरडायचा, "वा, अक्साकल!" सवय लागलेली जीभ, ती तरी काय करणार.

मेजवानीच्या दिवशी आकाश निरभ्र होते. पलीकडच्या टोकावर पांढरे तंबू आणि धुराच्या रेघा दिसत होत्या. बात्मा तिकडेच, बायकांमध्ये होती. इशेनालीने धक्क्यावर कपडे काढले, छातीवर पाणी मारले आणि सूर मारला. मेलिसने नाव सोडली. नाव त्याच्या मागेच ठेवायची, पुढे न्यायची नाही, असा त्याचा हुकूम होता. सायराकान टॉवेल मांडीवर घेऊन बसली. झग्याच्या आत तिने पोहायचे कपडे घातले होते. कशासाठी, हे तिने स्वतःलाही विचारले नव्हते.

सुरुवातीला तो बरा गेला. मग त्याचे पाय खाली जायला लागले. तिने ते मेलिसच्या आधी बघितले. ते पाय ती ओळखत होती. आधी टाचा पाण्याखाली गेल्या, मग पोटऱ्या, मग तो पोहण्यापेक्षा पाण्यात उभाच जास्त राहू लागला. दर दोन हातांनी मान वर काढून हवा ओढत होता.

"सांग ना आता," मेलिस कुजबुजला. "एजे, सांग. किंवा चल, वर घेऊ."

"तू घे. वल्ही तुझ्या हातात आहेत."

"त्यानं म्हटल्याशिवाय कसं घेऊ? माझं ऐकेल का तो?"

खाडीच्या मधोमध म्हातारा थांबला. ओठ निळे, डोळे लाल. उभा राहून हात हलवत तो त्यांच्याकडे वळला, आणि त्या अवस्थेतही पहिला प्रश्न त्याने काय विचारावा!

"मेलिस! घड्याळ काय म्हणतं?"

मेलिसने घड्याळाकडे न बघताच तोंड उघडले. "झकास, अक्साकल! एकदम..."

"खोटं बोलतोय तो," सायराकान म्हणाली.

मेलिसचे तोंड तसेच उघडे राहिले.

"सात वर्षं खोटं बोलतोय. तुम्ही हळू पोहता, अक्साकल. आम्ही तुमच्या मागे मुठी वळून पोहतो, म्हणून तुम्ही पुढे असता. त्या दिवशी मी तुमच्या अंगावर आले नव्हते. पुढे जायला वाट मागत होते."

सांगायला जागा किती होत्या! बाक होता, रस्ता होता, त्याच्या घराचे दार होते, बोरसोकचा रुमाल होता. बाईने निवडली ती ही जागा, जिथे म्हाताऱ्याच्या पायाखाली काहीच नव्हते.

इशेनालीच्या तोंडात लाट गेली. त्याने ती थुंकली.

"कोण कोण?" त्याने विचारले.

"सगळेच."

"बात्मासुद्धा?"

"बात्मा एका हातानं पोहते. दुसरा नुसता पुढे धरून ठेवते."

 मेलिस मार खाल्ल्यासारखा वल्ह्यांकडे बघत होता. मग इशेनाली म्हणाला, "उतर."

"काय?"

"उतर पाण्यात. पुढे जा. बघू दे."

"एजे, डोकं फिरलंय का तुझं?" मेलिस ओरडला. "आधी याला वर घेऊ, मग काय ते..."

पण झगा तिच्या अंगावरून निघाला होता. ती उतरली, थंडीने श्वास अडकला, सुटला, आणि तिने हात टाकला. म्हाताऱ्याच्या बाजूने, त्याच्या खांद्याला पाणी उडवत, ती पुढे गेली.

असे पोहणे तिला पुन्हा कधी जमले नाही. सरोवराचे खारट थंड पाणी तलावाच्या पाण्यापेक्षा जास्त उचलत होते. प्रत्येक हात लांब जात होता, पाणी धरत होता, मागे सोडत होता. आता तो बघतोय, तिच्या डोक्यात एवढेच होते. आता हा हात बघतोय. आता ही कूस. आता बघ, म्हाताऱ्या, आता बघ. तिला इतका आनंद झाला की पाण्यात तिला रडू आले आणि गॉगल आतून धुरकट झाला. सांगायला बरे वाटत नाही, पण खाडीचे दुसरे टोक येईपर्यंत तिने एकदाही मागे वळून बघितले नाही.

किनाऱ्यावरून दिसत होते ते एक डोके आणि दोन हात. "आला! अक्साकल आला!" कोणीतरी ओरडले, आणि कोमुझ वाजवणाऱ्यांनी सूर धरला. "वय काय, पोहतोय काय!" म्हातारे एकमेकांना म्हणाले. बायकांनी पदरात साखरेच्या गोळ्या आणि बोरसोक घेतले, मानाच्या माणसावर उधळतात तसे उधळायला. मुलगा तिनिबेक मखमली झगा दोन्ही हातांत पसरून गुडघाभर पाण्यात शिरला. सायराकान उभी राहिली तेव्हा गोळ्यांचा पहिला वर्षाव तिच्या डोक्यावर आणि उघड्या खांद्यांवर पडला. उधळणाऱ्या हातांना थांबायला वेळ लागला. कोमुझही जरा उशिराच थांबला.

तिनिबेकने तिच्याकडे बघितले. "बाबा कुठं आहेत?"

तेव्हा ती वळली. नाव खाडीच्या मध्यावरून येत होती, हळू. मेलिस ओणवा होऊन वल्हवत होता आणि नावेच्या तळाशी काहीतरी टॉवेलात गुंडाळलेले होते.

ते जिवंत होते. नाव वाळूला लागली तेव्हा टॉवेल हलला आणि इशेनाली उठून बसला. कपाळावर खरचटलेले, दाढीला शेवाळ. मुलाने हात पुढे केला तो त्याने धरला नाही. मेलिसनेच सगळ्यांना सांगितले, कोणी विचारले नसताना, की एजे पुढे निघून गेली. का गेली, ते त्याने सांगितले नाही. घड्याळ त्याने खिशात टाकलेले होते. लोकांना जे समजायचे ते समजले: म्हातारा बुडत होता, आणि ही बाई त्याच्याच मेजवानीच्या दिवशी, त्याला मागे टाकून, पहिली येण्यासाठी पोहत सुटली. आणि यात खोटे काय होते?

इशेनाली वाळूतून चालत आला. मुलाच्या हातातला मखमली झगा त्याने घेतला आणि सगळ्यांसमोर सायराकानच्या ओल्या खांद्यांवर घातला. मग तिच्या कोपराला धरून तिला तंबूत नेले आणि दारासमोरच्या मानाच्या जागी, जिथे तो स्वतः बसणार होता, तिथे बसवले. तो तिच्या डाव्या हाताला बसला.  त्याला नेमके ठाऊक होते तो काय करतोय. जन्मभर दुसऱ्यांना टाकून बोललेला माणूस, त्या दिवशी त्याला एकही शिवी द्यावी लागली नाही.

उकडलेल्या मेंढीचे डोके आले. ते सगळ्यांत मानाच्या माणसापुढे ठेवायचे, त्याने ते कापून ज्याला त्याला वाटायचे, तोपर्यंत कोणी ताटाला हात लावायचा नाही. मुलाने ते बापापुढे ठेवले. बापाने परात तिच्याकडे सरकवली.

"पुढे कोण होतं ते सगळ्यांनी बघितलंय," तो म्हणाला. "काप."

नाही म्हणावे तर यजमानाचा अपमान, हो म्हणावे तर तंबूतल्या प्रत्येक पांढऱ्या दाढीचा. केसांतून पाणी परातीत टपकत होते. सायराकानने सुरी घेतली. कान कापला आणि मेलिसपुढे धरला. मेलिस स्वतःचे गुडघे बघत बसला. टाळूचा तुकडा बायकांच्या बाजूला बात्मापुढे धरला. बात्माने शेजारणीकडे तोंड फिरवले. तिने ते तुकडे परत ताटात ठेवले. मोठ्या माणसांचे हात मांडीवरच होते.

शेवटी ती म्हाताऱ्याकडे वळली. मखमल आतून भिजून जड झाली होती. सगळे गेले होते. लेन गेली, लोक गेले, उद्या बाजारात तिच्याकडून मोजे घेणारेही गेले. पण ज्यासाठी हे सगळे केले ते अजून हातात यायचे होते, आणि लाज सोडलेल्या माणसाला आणखी काय सोडायचे उरते? तिने हळूच विचारले.

"कसं झालं, अक्साकल?"

"काय?"

"माझं पोहणं."

इशेनालीने तिच्याकडे बघितले. त्या दिवसात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य होते, खरेखुरे.

"मी कुठं बघितलं?" तो म्हणाला. "तू बाजूनं गेलीस, पाणी नाकात गेलं आणि मी खालीच गेलो. मेलिसनं केसांना धरून वर काढलं, मी शुद्धीवर आलो तोवर तू इकडे पोचली होतीस."

त्याने परात आणखी थोडी तिच्याकडे सरकवली.

"खा आता. लोक थांबलेत."